पलंगाखालचा मैदा

फूड इन्स्पेक्टर दारात उभे राहिले तेव्हा मी नानखटाईचं पीठ मळत होते आणि माझे दोन्ही हात तुपाने माखलेले होते. त्यांनी खिशातून ओळखपत्र काढून दाखवलं, मुल्लाणी असं आडनाव सांगितलं आणि चपला बाहेर काढत म्हणाले, "बाई, तुमच्याविरुद्ध अर्ज आलाय. घरात बिनपरवाना बेकरी चालवता म्हणून. आत येऊ का?"

"या की," मी म्हटलं.

नाही म्हणायला तोंड कुठे होतं? ओव्हनमध्ये दोन ट्रे होते आणि वास पार गल्लीच्या तोंडापर्यंत गेला होता.

ही गोष्ट दहा-अकरा वर्षांपूर्वीची, सांगलीतली. तेव्हा घरच्या घरी बेकरीचा माल करून विकायला लागून मला आठ वर्षं झाली होती. आधी शेजारपाजारच्या पोरांच्या वाढदिवसाचे केक, मग नानखटाई, मग टोस्ट. परवान्याचं आज करू उद्या करू करत राहून गेलं होतं. पण त्या महिन्यात एका मुलींच्या वसतिगृहाने रोजच्या नाश्त्याला माल मागितला. परवान्याचा नंबर द्या, दुसऱ्या दिवशी सुरू करा, म्हणाले. मी लगेच अर्ज भरला, पाणी तपासून आणलं, माझी स्वतःची डॉक्टरी तपासणी करून घेतली. आणि मध्येच हा माणूस दारात.

आमचे हे, जयवंत साळुंखे, हायस्कूलला गणित शिकवायचे. घर त्यांच्या पगारावर चालत होतं, नाही म्हणत नाही. पण बाजारात मला लोक हेमाताई म्हणून हाक मारायचे. सांगलीत येऊन बावीस वर्षं झाली होती, त्यातली पहिली चौदा मी साळुंखे सरांची मिसेस म्हणून काढली होती. परवाना मिळाला नाही तर पुन्हा तेवढीच उरणार होते, आणि ते मला मरेपर्यंत नको होतं.

मुल्लाणी साहेबांनी सगळं पाहिलं. मोरीत वाकून पाहिलं, फ्रीज उघडला, ओव्हनच्या मागे बॅटरी मारली, तुपाचा डबा उघडून वास घेतला. अंडी पाण्यात सोडून बघितली. "स्वच्छ आहे," ते म्हणाले, आणि त्यांनाच जरा नवल वाटल्यासारखं दिसलं. मी मनात म्हटलं, जिंकलं.

मग ते मला काही न विचारता सरळ आमच्या झोपायच्या खोलीत गेले. पलंगाजवळ बसले आणि चादरीचा लोंबता कोपरा वर उचलला. खाली मैद्याची तीन पोती होती.

"अर्जात लिहिलंय तसंच आहे," ते म्हणाले.

घर दोन खोल्यांचं. पोती ठेवणार कुठे? खाली पाट टाकले होते, वर धुतलेली चादर असायची. पण बाहेरच्या माणसाला ते कसं माहीत? माझे कान तापले.

"साहेब, अर्ज कुणाचा आहे?"

"नाव नाही त्याच्यावर. असतं तरी सांगितलं नसतं." त्यांनी फाईल टेबलावर ठेवली आणि हात धुवायला मोरीकडे गेले. मी वाकून वाचलं. टाइप केलेलं अर्धं पान. खाली सही नाही, नुसतं 'एक जागरूक नागरिक'. आणि सगळ्यात वर, मधोमध, 'श्री नाईकबा प्रसन्न'.

मला हसूच यायचं बाकी राहिलं होतं. साळुंखे मूळचे पाटण खोऱ्यातले, नाईकबा त्यांचं कुलदैवत. या घराण्यात कुणी कोऱ्या कागदाला हात लावत नाही. वाणसामानाची यादी असो, पाहुण्याला लिहिलेली चिठ्ठी असो, वर आधी नाईकबा. निनावी अर्ज करतानासुद्धा देवाचं नाव सोडवलं नव्हतं. आमच्या गल्लीत नाईकबाचं घर एकच होतं, भिंतीला भिंत लागून. माझ्या थोरल्या जावेचं.

आक्का म्हणायचे मी त्यांना. दादा, म्हणजे माझे थोरले दीर, वारून सहा वर्षं झाली होती. आक्का एकट्याच राहायच्या. मागच्या मे महिन्यात पाहुणे आले म्हणून गादी मागायला आल्या होत्या, पलंगावरची गादी काढताना खालची पोती बघून म्हणाल्या होत्या, "अगं बाई, मैद्यावर झोपता होय तुम्ही?" आणि हसल्या होत्या. ते हसणं मला तेव्हा साधं वाटलं होतं.

मुल्लाणी साहेबांनी हात पुसले आणि नोटीस लिहिली. पंधरा दिवस विक्री बंद. माल ठेवायला वेगळी जागा करायची, झोपायच्या खोलीपासून लांब, जमिनीपासून उंच. "जागा केली तर परवाना मी स्वतः आणून देतो," ते म्हणाले. "नाही केली तर मला बंदचा शेरा मारावा लागेल. तुमचं काम चांगलं आहे म्हणून सांगतोय."

संध्याकाळी हे शाळेतून आले. मी नोटीस पुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली.

"जाऊ दे ना, हेमा," ते म्हणाले. "आपल्याला काय कमी आहे? दमतेस तू."

"अर्ज आक्कांनी केलाय."

त्यांनी चष्मा काढला. "कशावरून?"

मी नाईकबाचं सांगितलं, पोत्यांचं सांगितलं. ते बराच वेळ चष्म्याच्या काचा पुसत बसले. मग म्हणाले, "असं कुणावर बोलू नये. पण आता तूच म्हणतेस म्हणून सांगतो, वहिनीला तुझं पहिल्यापासून बघवत नाही."

ते वाक्य मी गाठ मारून ठेवलं. त्या रात्रीपासून मला दुसरं काही सुचेना. गच्चीवर पत्र्याची खोली काढायची असं ठरवलं, सुताराशी बोलले, पण हात काम करत होते आणि डोकं आक्कांच्या घरात होतं. भिंतीपलीकडे त्यांनी पाण्याची बादली ठेवली तरी मला राग यायचा.

पाचव्या दिवशी माझं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं.

आता हे सांगायला हवं. दादा गेल्यावर पहिल्या संक्रांतीला आक्का स्वतःहून आतल्या खोलीत बसल्या होत्या, बायकांच्यात आल्या नव्हत्या. मीच त्यांना हाताला धरून बाहेर आणलं आणि सगळ्यांदेखत कुंकू लावलं. दोघीतिघींनी नाकं मुरडली. मी म्हटलं, ज्यांना चालत नसेल त्यांनी पुढच्या वर्षी येऊ नका. सगळ्या आल्या. तेव्हापासून दर संक्रांतीला आक्का जरीकाठाची एकच ठेवणीतली साडी नेसून यायच्या. वर्षातून तेवढंच एकदा कुंकू, माझ्या हातचं. दुसऱ्या दिवशीच्या आंघोळीपर्यंत ते पुसायच्या नाहीत.

त्या वर्षीही त्या आल्या. भिंतीशी, रांगेत पाचव्या बसल्या. मी करंडा घेऊन एकेकीपुढे वाकत गेले. हळद, कुंकू, तिळगूळ, वाण म्हणून चहाची गाळणी. चौथीला लावलं. आक्कांनी पदर सावरला आणि कपाळ जरा पुढे केलं.

मी त्यांच्यापुढून सरकले आणि सहावीला कुंकू लावलं.

पंधरा बायका एकदम गाळणी बघायला लागल्या. आक्कांचं कपाळ थोडा वेळ तसंच पुढे होतं. मग त्यांनी मान खाली घातली, चार मिनिटं बसल्या आणि शेजारणीला म्हणाल्या, "दूध ठेवून आलेय गॅसवर." आणि गेल्या.

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? इतकं बरं वाटलं की त्या दिवशी मी पोटभर जेवले.

आठव्या दिवशी गच्चीवरच्या खोलीसाठी घरमालकाचं संमतीपत्र लागणार होतं. घर ह्यांच्या नावावर. हे रोज बघू म्हणत होते, उद्या करू म्हणत होते. शेवटी मी म्हटलं, टाइप करून आणते, तुम्ही नुसती सही करा. कोर्टासमोर बोंद्रेंचं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान होतं, ह्यांचे सगळे कागद तिथेच व्हायचे. मी मजकूर सांगितला. बोंद्रे टाइप करता करता म्हणाले, "वैनी, वर नाईकबा प्रसन्न घालायचं ना?"

"सरकारी कागदावर कशाला?"

"आधी विचारलेलं बरं. मागच्या महिन्यात सरांचा असाच एक सरकारी अर्ज होता. मी वरचं नाव घातलं नाही, तर सरांनी अख्खं पान परत टाइप करायला लावलं. म्हणले, देवाच्या नावाशिवाय माझा कागद बाहेर जात नाही."

"कसला अर्ज?"

"कुठल्या तरी बेकरीविरुद्ध होता. नाव नव्हतं त्यात, घर नंबर कोण ध्यानात ठेवतो. सर म्हणले, समाजकार्य समजा." ते हसले. "सही पण केली नाही. मोठा माणूस."

बोंद्रेंनी कागद पुढे केला, तो मी घेतला, त्यांचे पैसे दिले. रस्त्यावर आल्यावर पहिला विचार आला तो असा की गल्लीत नाईकबाची घरं दोन आहेत, आणि एक मी मोजलंच नव्हतं. पलंगाखालची पोती रोज कोण बघत होतं? जो त्यावर झोपत होता तो.

घरी गेले असते तर काय केलं असतं ते मला माहीत नाही. बहुतेक ओरडले असते, आणि हे चष्मा पुसत बसले असते. मी घरी गेले नाही. आक्कांच्या दाराशी गेले.

त्या तांदूळ निवडत होत्या. मला बघून त्यांनी सूप बाजूला सारलं. "ये. बस."

"आक्का, बेकरीवर अर्ज झालाय माहीत आहे तुम्हाला?"

"गल्लीला माहीत आहे. वाईट झालं गं."

"मला वाटलं तो तुम्ही केलाय."

त्यांचे हात थांबले. "मी?"

"आत्ता कळलं, ह्यांनी केलाय."

आक्कांनी माझ्याकडे नीट बघितलं. भाऊजींनी का केला, कसा केला, यातलं त्यांनी काहीच विचारलं नाही. त्यांनी दुसरंच विचारलं. "म्हणजे परवा तू विसरली नव्हतीस?"

"नाही."

"बरं," त्या म्हणाल्या. सूप परत पुढे ओढलं. थोडा वेळ तांदळातले खडे वेचले. माफी मागायची म्हणून आले होते, ती मागितली नाही. त्याच बोलल्या. "जागा पाहिजे ना तुला? गच्चीवर पत्रे कशाला टाकतेस. ह्यांचं दुकान बंदच आहे."

दादांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान म्हणजे आक्कांच्या घराची रस्त्याकडची खोली. मोठी, फरशीची, नळ असलेली, शटरची. सहा वर्षं कुलूप होतं. आमच्या ह्यांनी शिकवणीसाठी ती दोनदा मागितली होती आणि आक्कांनी दोनदा नाही म्हटलं होतं.

"संमती मी लिहून देते," आक्का म्हणाल्या. "नुसता मैदाच कशाला, सगळंच आण. ओव्हनसकट."

दुसऱ्या दिवशी हे शाळेतून आले तेव्हा दोन हमाल ओव्हन दारातून बाहेर काढत होते.

"हे काय चाललंय?"

"नोटीस आहे ना," मी म्हटलं. "झोपायच्या घरात नको म्हणतात."

"कुठे नेतेस?"

"आक्कांकडे. दादांच्या दुकानात."

त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मी अर्जाचं काही विचारलं नाही. सहा दिवस मी त्यांना वेळेवर डबा दिला, शर्टाला इस्त्री केली, गोड बोलले. खोलीला चुना लावला, फळ्यांचे रॅक बसवले, खिडकीला जाळी मारली. पंधराव्या दिवशी सकाळी म्हटलं, "अहो, आज मुल्लाणी साहेब येणार आहेत. तुम्ही असा. घरातला कर्ता माणूस असलेला बरा." हे इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि खुर्चीवर बसले. आक्का आतल्या दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या.

मुल्लाणी साहेबांनी सगळं तपासलं. पोती रॅकवर, कचऱ्याच्या डब्याला झाकण, माझ्या डोक्याला टोपी. आक्कांचं संमतीपत्र वाचून फाईलला लावलं आणि म्हणाले, "झालं की बाई. उत्तम झालं."

"साहेब, एक विचारू? अर्ज करणाऱ्याला निकाल कळवतात का?"

"नाव असलं तर कळवतो. हा निनावी. कुणाला कळवणार?"

"मग तोंडी सांगून टाका. अर्जदार तुमच्या शेजारीच बसलेत."

साहेबांनी मान वळवून ह्यांच्याकडे पाहिलं. हे अर्धवट उठले. "हेमा, काय बोलतेस तू?"

"बोंद्रे सांगत होते. देवाचं नाव राहिलं म्हणून तुम्ही पान परत टाइप करायला लावलंत." माझा आवाज चढला नाही, याचं मला आजही समाधान आहे. "आणि मी आक्कांवर आळ घेतला तेव्हा तुम्ही काय म्हणालात? सांगा ना त्यांच्यासमोर."

"काय म्हणाले?" आक्कांनी विचारलं.

"तुम्हाला माझं पहिल्यापासून बघवत नाही, म्हणाले."

हे लाल झाले. गणिताचा मास्तर, तीस वर्षं पोरांना उभं करून प्रश्न विचारलेला, आणि आता स्वतः उभा होता. मग एकदम त्यांचा तोल गेला. "तुला काय कळणार! शाळेत पोरं मला केकवाले सर म्हणतात. फळ्यावर लिहून ठेवतात. स्टाफरूममध्ये शिपाईसुद्धा हसतो. तीस वर्षं शिकवलं मी, आणि केकवाले सर!"

मुल्लाणी साहेबांनी घसा खाकरला, पेनाचं टोपण काढलं आणि फॉर्मवर वाकले. भला माणूस, त्यांना तिथून निघायचं होतं. "बाई, धंद्याच्या नावाचा रकाना राहिलाय. काय लिहू?"

मी घरून ठरवून आले होते, हेमा बेकरी. तेच लिहायला सांगणार होते.

"लिहा," मी म्हटलं, "केकवाले सर."

साहेबांचं पेन जरा थांबलं. "नक्की?"

"नक्की. पाटीवर पण तेच येणार."

हे कुणाकडे न बघता बाहेर पडले. आजही ती पाटी शटरवर आहे, लाल अक्षरात, दुरून वाचता येईल अशी. शाळेचं स्नेहसंमेलन असलं की नानखटाई माझ्याकडून जाते, प्रत्येक पुड्यावर तेच नाव. हे निवृत्त झाले त्या समारंभालाही गेली. मी त्यांच्याशी बोलत नाही असं नाही. जेवायला वाढते, औषधाची आठवण करते. पण त्यांचं मला कधी वाईट वाटलं नाही, आणि आता या वयात वाटेल असं काही दिसत नाही.

सांगायचं आहे ते आक्कांचं.

साहेब गेल्यावर मी ओव्हनची पूजा केली. नारळ फोडला. अंगात नुसतं वारं शिरलं होतं, जिंकल्याचं. त्याच हाताने करंडा उचलला आणि आक्कांपुढे गेले. बोट कुंकवात बुडवलं. आक्कांनी माझं मनगट धरलं, हळूच, आणि खाली केलं.

"नको."

"आक्का, चुकलं माझं. मला वाटलं..."

"तुला वाटलं ते तू मला विचारायला आली नाहीस," त्या म्हणाल्या. "भांडायला यायचंस. शिव्या द्यायच्यास. तुला माहीत होतं मला सगळ्यात जास्त कुठे लागेल, आणि तू बरोबर तिथेच मारलंस." आवाज अगदी साधा होता, तांदळाचा भाव सांगावा तसा. "तीन दिवस मी स्वतःला सांगत होते, पोरगी गडबडीत विसरली असेल."

"मग खोली का दिलीत?"

"भाऊजींना दिली नाही म्हणून दिली. तुला दिली असं समजू नकोस."

दर काही वर्षांनी परवान्याचं नूतनीकरण असतं. मी संमतीपत्र घेऊन जाते, आक्का चष्मा लावून सही करतात, वर नाईकबाचं नाव आहे ना ते बघतात. संक्रांतीला त्या माझ्याकडे येत नाहीत, मीच करंडा घेऊन त्यांच्याकडे जाते. वाण घेतात, तिळगूळ घेतात, चहा करतात. कुंकवाचं बोट पुढे केलं की मान फिरवतात.